मेट्रो की बीआरटी? आधी टेप घेऊन रस्त्यावर या

पुण्याच्या नगर रस्त्याने बीआरटी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, येतानाही पाहिली आणि जातानाही पाहिली. २०१६ मध्ये या रस्त्याच्या मधोमध बसची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. २०२३ मध्ये ती उखडायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि जून २०२५ मध्ये ती तिथून वाघोलीतल्या विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. दहा वर्षांच्या आत एका रस्त्यावर एक उत्तर लिहिलं, खोडलं आणि दुसरं लिहायला घेतलं.

चहाच्या टपरीवर याचा निकाल दोन वाक्यांत लागतो. "बीआरटी आपल्या लोकांना जमत नाही. मेट्रोच पाहिजे." मलाही एकेकाळी तसंच वाटायचं. पण गर्दीच्या रस्त्यावर जलद बस किंवा रेल्वे आखताना काय काय ठरवावं लागतं हे बघायला लागलं की लक्षात येतं, बस की रेल्वे हा प्रश्न बराच उशिरा येतो. त्याच्याआधी एक नावडता प्रश्न असतो: या रस्त्याची रुंदी कुणाला द्यायची? तो सोडवायची तयारी असेल तर साधी बसही जलद होते. नसेल तर तेवढी रुंदी हवेत किंवा जमिनीखाली विकत घ्यावी लागते, आणि ती महाग असते.

गाड्या नव्हे, माणसं

आखणीची सुरुवात मोजणीने होते. चौकात गाड्या मोजतात, थांब्यावर माणसं मोजतात, घरोघरी जाऊन विचारतात: काल कुठे गेला होतात, किती वाजता, कशाने, किती पैसे पडले? शहराचे शेकडो तुकडे पाडून कुठल्या तुकड्यातून कुठल्या तुकड्यात रोज किती माणसं जातात याचा भला मोठा तक्ता होतो. काम रुक्ष आहे, पण शहराबद्दलच्या आपल्या जुन्या समजुती इथेच मोडतात. पूर्वी पुण्यातला प्रवास म्हणजे स्वारगेट, डेक्कन, मंडई किंवा स्टेशन गाठणं. आता हिंजवडी, खराडी, चाकण ही नोकरीची ठिकाणं आहेत आणि लाखो लोकांना गावात यायचंच नसतं. बसचे मार्ग मात्र सवयीने गावाकडेच धावतात.

तक्त्यातून शेवटी जो आकडा काढायचा असतो तो समजायला एक बस डोळ्यासमोर आणा. सकाळी नऊला वाघोलीहून पुणे स्टेशनकडे निघालेली. वाघोलीत खिडकीची जागा मिळते. खराडी बायपासला लोक उभे असतात. विमाननगरला कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" करत असतो आणि दोघेजण पायरीवर लोंबकळत असतात. येरवड्यानंतर माणसं उतरू लागतात. दिवसभरात या मार्गावर किती लोक बसले ही संख्या आखणीत फारशी कामाची नाही. सगळ्यात गर्दीच्या तासात, सगळ्यात गर्दीच्या दिशेने, सगळ्यात भरलेल्या टप्प्यावरून किती माणसं पुढे गेली, ती संख्या पाहिजे. वाहतूकवाले तिला इंग्रजी आद्याक्षरांनी पीएचपीडीटी म्हणतात. बस किती, गाडीला डबे किती, फलाट किती लांब, डेपो केवढा, सगळं या एका आकड्यावरून ठरतं. घर बांधताना पाण्याची टाकी वर्षाच्या सरासरीवर ठरवत नाहीत, मे महिन्यात पाहुणे आले की किती लागेल यावर ठरवतात, तसंच हे.

आता क्षमतेचा हिशेब. तो तोंडी करता येतो.

साडेतीन मीटर रुंदीची एक मार्गिका घ्या. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर तिच्यातून तासाला साधारण आठ-नऊशे मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर झाली १,२०० ते १,३५० माणसं. दुचाक्या धरल्या तर आकडा वाढतो, कारण त्या एकमेकींच्या काखेतून जातात. त्याच मार्गिकेत दर मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ७० माणसं धरली तर तासाला ४,२००. पुणे मेट्रोची तीन डब्यांची गाडी साधारण ९७० माणसं घेते. दर सहा मिनिटांनी सोडली तर तासाला ९,७००, दर तीन मिनिटांनी सोडली तर १९,४००. म्हणजे काही हजारांची गरज असेल तर बस पुरते, पंधरा-वीस हजारांच्या पुढे रेल्वेचा विचार करावाच लागतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही चालतात आणि तिथेच भांडणं होतात. कोलंबियाची राजधानी बोगोताने मात्र हा नियम वाकवून दाखवला. २००० साली सुरू झालेल्या तिथल्या बस यंत्रणेने स्टेशनाशी बसला ओलांडून जाण्यासाठी जादा मार्गिका ठेवली, लांबच लांब जोडबस आणल्या आणि एकेका दिशेला तासाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं नेली. कित्येक मेट्रोंना हा आकडा गाठता येत नाही.

या हिशेबात एक विचित्र गोष्ट लपलेली आहे, आणि बीआरटीवरच्या निम्म्या रागाचं मूळ तिच्यात आहे असं मला वाटतं. दर मिनिटाला एक बस ताशी २५ किलोमीटरने धावत असेल, तर दोन बसमध्ये चारशे मीटरहून जास्त अंतर पडतं. चारशे मीटर म्हणजे दोन थांब्यांमधली जवळजवळ सगळी जागा. शेजारच्या रांगेत घामाघूम झालेल्या मोटारवाल्याला काय दिसतं? मोकळा रस्ता. आपल्या रांगेच्या तिप्पट माणसं तिथून जात आहेत हे त्याला दिसूच शकत नाही, कारण ती मिनिटातून एकदा, दोन सेकंदांत, डोळ्यांसमोरून निघून जातात. जी मार्गिका नीट चालते ती रिकामीच दिसते. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी रस्ता २००८ मध्ये सुरू झाला. बसवाल्यांचा वेळ वाचला, मोटारवाल्यांचा वाढला आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली ती रिकाम्या मार्गिकेची. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने मार्गिका काढायला नकार दिला. पण २०१६ मध्ये ती निघालीच.

मान कुठे आवळली जाते

मार्गिका आखली की बस जलद होते हा समज पुण्याने स्वतःच्या पैशाने तपासून पाहिला आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. मार्गिका होती. पण बस त्याच जुन्या, पायऱ्या चढून आत जायच्या. तिकीट आतच. थांबे अर्धवट. मधल्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून जायचं कसं, याचं उत्तर ज्याचं त्याने शोधायचं. आणि मार्गिकेत दुचाक्या, रिक्षा, प्रसंगी उलट्या दिशेने येणारा टेम्पोही. रंग मारलेल्या त्या पट्ट्याला आपण बीआरटी म्हणत होतो, आणि 'बीआरटी आपल्याकडे चालत नाही' हा निकाल त्या पट्ट्याच्या अनुभवावरून लागला.

खरी अडचण थांब्यावर असते. बाटली कितीही रुंद असो, पाणी मानेच्या मापानेच पडतं. एका अरुंद दारातून, तीन पायऱ्या चढत, वीस माणसं बसमध्ये शिरायला माणशी तीन सेकंद धरले तरी पूर्ण एक मिनिट लागतं. त्यात उतरणारे वेगळे. दर मिनिटाला बस सोडायची आणि प्रत्येक बस थांब्यावर मिनिटाहून जास्त थांबणार, म्हणजे पाचव्या बसपासून रांग लागलीच. इथे रस्ता रुंद करून उपयोग नाही, दार रुंद करायला हवं. म्हणून चांगल्या बीआरटीत स्टेशनाचा फलाट आणि बसची जमीन एका पातळीवर असते. पुण्या-पिंपरीत ही उंची सुमारे ९०० मिलिमीटर ठेवली आणि मधल्या स्टेशनांसाठी बसला उजव्या बाजूलाही दारं केली. तिकीट आत चढण्यापूर्वी काढायचं. तेच वीस लोक मग दहा-पंधरा सेकंदांत आत जातात. आजी काठी टेकत जातात, बाळाची गाडी ढकलता येते, व्हीलचेअर जाते. अट एवढीच की ड्रायव्हरने बस फलाटाला चिकटवून उभी केली पाहिजे. दीड फूट फट राहिली की सगळं मुसळ केरात. यासाठी ड्रायव्हरला शिकवावं लागतं, आणि या शिकवणीचं उद्घाटन करायला कुणी पाहुणा येत नाही.

थांब्यावरच आणखी एक खेळ चालतो, ज्याने सगळे वैतागलेले असतात. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकदम तीन. यात कुणाचा आळस असायलाच हवा असं नाही. पहिली बस एका सिग्नलला अडकून दोन मिनिटं उशिरा आली. त्या दोन मिनिटांत पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. ती चढवायला वेळ लागला, उशीर तीन मिनिटांचा झाला. पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. तिच्या मागच्या बसला मात्र प्रत्येक थांब्यावर कमी माणसं मिळतात, कारण पुढची त्यांना घेऊन गेलेली असते. ती पुढे पळते आणि पहिलीच्या मागे येऊन टेकते. एक ठेचून भरलेली, एक रिकामी, दोघी एकामागे एक. स्वतंत्र मार्गिका, झटपट चढ-उतार आणि मध्येच बसला "जरा थांब, अंतर ठेव" सांगणारा नियंत्रण कक्ष ही यावरची औषधं आहेत. जादा बस सोडणं हे औषध नाही. त्याने तीनऐवजी चार एकदम येतात.

दुसरी मान चौकात. समजा सिग्नलचं चक्र १८० सेकंदांचं आहे आणि बसच्या दिशेला ४० सेकंद हिरवा मिळतो. बस केव्हाही आली तरी सरासरी ५४ सेकंद थांबणं तिच्या नशिबी. असे दहा चौक म्हणजे नऊ मिनिटं, तीही मार्गिका पूर्ण मोकळी असताना. मार्गिका रस्त्याच्या मधोमध असेल तर गुंता वाढतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्या मोटारीला सरळ जाणाऱ्या बसच्या पुढ्यातूनच जावं लागतं. दोघांना एकाच वेळी हिरवा देता येत नाही. मग बसला वेगळी वेळ द्या, चक्र लांबवा आणि सगळ्यांना जास्त थांबवा. नाहीतर चौकात उजवं वळण बंद करा, पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावा. दिल्लीच्या त्या रस्त्यावर पहिल्या वाटेने गेले आणि सिग्नलपाशी रांगा अर्धा-एक किलोमीटर लांबल्या. दुसरी वाट आखणीच्या दृष्टीने सरस, पण उजवं वळण बंद केलं की चौकातला प्रत्येक दुकानदार नगरसेवकाच्या दारात उभा राहतो.

मार्गिका कडेला का घेत नाहीत, असं कुणीतरी विचारतंच. कडेला प्रत्येक बंगल्याचं फाटक, प्रत्येक दुकानासमोरची स्कूटर, भाजीची गाडी, रिक्षा स्टँड आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून लावलेली मोटार असते.

छत्तीस मीटर

आता टेप काढा. छत्तीस मीटर म्हणजे साधारण १२० फुटांचा रस्ता घेऊ. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर फुटपाथ, गेले सहा. दोन-दोन मीटर सायकलसाठी, गेले चार. मधोमध बसच्या दोन मार्गिका सात मीटर आणि स्टेशनापाशी फलाट चार मीटर, गेले अकरा. उरले पंधरा. त्यात इतर वाहनांना दोन्ही बाजूंना दोन-दोन मार्गिका, सव्वातीन मीटरच्या, म्हणजे तेरा. शेवटचे दोन मीटर दुभाजक, झाडं, विजेचे खांब, पावसाळी गटाराची झाकणं. कागदावर सगळं बसलं. आता यात पार्किंग दाखवा. नाही ना दाखवता येत? भांडण तिथे सुरू होतं. आणि तडजोड नेहमी फुटपाथच्या खिशातून होते, कारण चालणाऱ्यांची संघटना नसते.

पिंपरी-चिंचवडला हे सोपं गेलं. दापोडी ते निगडी हा जुना महामार्ग साठ मीटरच्या आसपास रुंद आहे. तिथे बससाठी जागा काढली तरी मोटारीला आपलं काही गेलं असं वाटत नाही. सांगवी फाटा ते किवळे मार्ग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा स्टेशनं, बस आणि वॉर्डन बऱ्यापैकी तयार होते. २००६ च्या पुण्यातून घेतलेला तो धडा होता. पुण्यातल्या रस्त्यांची रुंदी मात्र एका किलोमीटरमध्ये तीनदा बदलते. मार्गिका रुंद भागात राहते आणि अरुंद भागात, जिथे तिची खरी गरज असते, नेमकी तिथेच नाहीशी होते.

मेट्रोचं खरं आकर्षण इथे आहे असं माझं मत. वेग, वातानुकूलन, नवी कोरी गाडी हे सगळं आहेच. पण उन्नत मेट्रो रस्त्यातली जेमतेम दोन-अडीच मीटर जागा खांबाला मागते आणि वरच्या मजल्यावरून निघून जाते. मोटार हलवावी लागत नाही, पार्किंग हलत नाही, नगरसेवकाच्या दारात कुणी येत नाही. रुंदीचं भांडण न करताच मिटवायचं, तर त्याची किंमत मोजावी लागते. किती? पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली तेव्हा सुमारे ३१.२५ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये धरले होते, म्हणजे किलोमीटरला ३६५ कोटी. त्यात भुयाराचा भागही आला. नगर रस्त्यावरचा वाढीव मार्ग आणि वनाज–चांदणी चौक असे मिळून १२.७५ किलोमीटर पूर्णपणे खांबांवर आहेत. त्यांचे ३,६२६ कोटी, म्हणजे किलोमीटरला २८४ कोटी. चांगली बीआरटी याच्या दहाव्या हिश्शाच्या आत होते.

म्हणून २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने अट घातली की मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी बस, ट्राम, हलकी रेल्वे अशा पर्यायांची तुलना करा. शहराला होणारा एकूण फायदा, म्हणजे वाचलेला वेळ, इंधन, अपघात, हे पैशात मांडून त्यावर किमान १४ टक्के परतावा दाखवा. अट चांगली आहे. पण असे अहवाल चाळताना मला लग्नाच्या बैठकीची आठवण येते. मुलगी आधीच पसंत असते, पत्रिका नंतर जुळवतात. प्रवाशांचे अंदाजही त्याच चालीने फुगतात. आपल्याकडच्या बहुतेक मेट्रोंना सुरुवातीची वर्षं अहवालातल्या आकड्याच्या बऱ्याच खाली काढावी लागली आहेत.

वर गेलं म्हणजे जागेचा प्रश्न संपला असंही नाही. रेल्वेला काटकोनात वळता येत नाही. तिला किमान शंभर-सव्वाशे मीटर त्रिज्येचं वळण लागतं. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर ती रस्ता सोडून कुणाच्या तरी आवारात शिरते. नगर रस्त्यावर तर मेट्रोला आगाखान पॅलेससमोरून जायचं होतं. राष्ट्रीय स्मारकाभोवती बांधकामाला बंधनं असतात, म्हणून मार्ग कल्याणीनगरमधून फिरवला. डेक्कनपाशी जंगली महाराज रस्त्याऐवजी मुठेच्या काठाने खांब गेले. त्यावर हरित न्यायाधिकरणात दावा चालला. नदीकाठचा मार्ग बांधायला सोपा खरा, पण स्टेशनाच्या एका बाजूला प्रवासी आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पलीकडच्या पेठांतली माणसं यावीत म्हणून मग पादचारी पूल बांधावे लागतात. (डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांची छपरं पगडीच्या आकाराची केली आहेत. पगडीला कुणाचा विरोध नाही, पण मला आधी फुटपाथ बघायची सवय लागली आहे.) पेठांमध्ये तर वर जायलाही वाव नव्हता. वाडे, बोळ, मंडई यांच्या डोक्यावरून रेल्वे नेता येत नाही. म्हणून शिवाजीनगर ते स्वारगेट भुयार. ते सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण सुरू झालं. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन जमिनीखाली तेहतीस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी गाडल्यासारखी.

रस्ता आणि मेट्रो यांची आखणी वेगवेगळ्या टेबलांवर झाली की काय होतं ते विद्यापीठ चौकाने दाखवलं. तिथला उड्डाणपूल दीड दशकही पुरा न होता २०२० मध्ये पाडला, कारण हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग आणि तो पूल एकमेकांच्या आड येत होते. जागी दुमजली रचना आली: खाली रस्ता, मध्ये मोटारींचा पूल, वर मेट्रो. नळ स्टॉपला हेच आधी ठरवलं होतं, त्यामुळे एकाच खांबांवर दोन्ही उभे राहिले आणि काही पाडावं लागलं नाही. एका शहरात महापालिका, पीएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), मेट्रो बांधणारी महामेट्रो, शहर बस चालवणारी पीएमपी, वाहतूक पोलीस, सार्वजनिक बांधकाम खातं अशी सहा टेबलं आहेत. रस्ता मात्र एकच आहे.

दारापासून दारापर्यंत

आखणी करणारे लोक गाडीचा वेग पाहतात, प्रवासी घड्याळ पाहतो. बारा किलोमीटरचा प्रवास धरू. मेट्रोचा थांब्यांसकटचा वेग ताशी ३३ किलोमीटर, म्हणजे गाडीत २२ मिनिटं. घरून स्टेशनपर्यंत चालत किंवा शेअर रिक्षाने दहा. जिना, तपासणी, फलाट, चार. गाडीची वाट, तीन-चार. उतरून कचेरीपर्यंत दहा. झाली पन्नास. त्याच प्रवासाला दुचाकी, सिग्नल-खड्डे धरून, चाळीस मिनिटं घेते आणि थेट दारात सोडते. मेट्रो वेगाने जिंकली आणि चालण्यात हरली. शिवाय माणसाला थांबण्या-चालण्याचं मिनिट गाडीत बसल्या मिनिटापेक्षा जड जातं. वाहतुकीच्या हिशेबात त्याला दुप्पट धरायची पद्धत आहे. रणरणत्या उन्हात, फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने, कुत्री चुकवत चाललेलं मिनिट तिप्पट धरायला माझी हरकत नाही.

थांबे किती अंतरावर ठेवायचे हा पेच यातूनच येतो. जवळजवळ ठेवले तर चालणं कमी, पण गाडी सारखी थांबते. मेट्रोला एक जादा स्टेशन म्हणजे वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं मिळून पाऊण ते एक मिनिट. दूरदूर ठेवले तर गाडी सुसाट आणि प्रवासी दमलेला. बीआरटी साधारण अर्ध्या किलोमीटरवर थांबते, मेट्रो एक-सव्वा किलोमीटरवर. म्हणून मेट्रोला स्टेशनापर्यंत प्रवासी आणून सोडणारी बस लागतेच. ती नसेल तर स्टेशनाच्या पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्यांचीच ती मेट्रो होते, आणि त्या पाचशे मीटरमधल्या फ्लॅटचे भाव बघितले तर तिथे कोण राहणार हेही कळतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात तो असतो. मेट्रो आली की खालचा रस्ता मोकळा होईल, असं सांगतात. काही दिवस होतो. मग ज्यांनी कोंडीला कंटाळून स्कूटर घरी ठेवली होती, वेळ बदलली होती, जाणंच टाळलं होतं, ते परत येतात. रस्ता पुन्हा भरतो. मेट्रोचा फायदा खालच्या मोकळ्या रस्त्यात शोधू नये. कोंडी तशीच असताना तिच्यात न अडकता जायची सोय झाली, हा तिचा फायदा, आणि तो छोटा नाही. पुणे स्टेशनवरून वनाजला जाताना खाली कर्वे रस्त्यावरचे लाल दिवे बघत वरून जाण्यात जे सुख आहे ते मी नाकारणार नाही.

पण पीएमपीच्या बसमधून आजही रोज दहा लाखांच्या आसपास लोक जातात. मेट्रोच्या कित्येक पट. त्यांची बस खालच्याच रस्त्यावर, त्याच कोंडीत आहे. मेट्रोच्या खांबांमुळे रुंदीचं भांडण त्यांच्यापुरतं मिटलेलं नाही, नुसतं पुढे ढकललं गेलं आहे.

नगर रस्त्यावर आता बीआरटीच्या उखडलेल्या मार्गिकेची जागा सगळ्या वाहनांना मिळाली आहे. रामवाडीच्या पुढे, विमाननगर, खराडी, वाघोलीच्या बाजूने मेट्रोचे खांब येतील. त्यांचा नकाशा तुमच्या हाती पडला तर स्टेशनाची चित्रं बाजूला ठेवा. केसनंद फाट्याकडून येणारी बस स्टेशनाखाली नेमकी कुठे थांबणार, आणि तिथून उतरलेला माणूस किती मार्गिका ओलांडून जिन्यापर्यंत पोचणार, तेवढं त्यात शोधा.